आर्य वैश्य समाजाच्या मंडळांना खुले पत्र : ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाला सांगायची एक गोष्ट

प्रति,
महाराष्ट्रातील आर्य वैश्य समाजाची मंडळे, वासवी मंदिरांचे विश्वस्त, महिला मंडळे आणि आरोग्य शिबिरे भरवणारे कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. माझे बहुतेक आयुष्य सरकारी रुग्णालयात आणि गावातल्या नर्सिंग होममध्ये गेले आणि माझ्या रुग्णांमध्ये आपल्या समाजातील कुटुंबे नेहमीच राहिली. त्या नात्याने हे पत्र लिहीत आहे. मला जे सांगायचे आहे ते ऑपरेशन थिएटरच्या दारात घाईघाईने सांगून फारसा उपयोग होत नाही. ते आधीच, घरी, निवांतपणे कळलेले असावे लागते, आणि समाजाच्या घराघरांत पोहोचण्याची जी वाट मंडळांकडे आहे ती कोणत्याही रुग्णालयाकडे नाही. म्हणून हे पत्र आरोग्य खात्याला न लिहिता आधी आपल्याला लिहिले आहे.

आपल्या समाजातील काही माणसांच्या रक्तात एक विशिष्ट एन्झाइम जन्मतःच जवळजवळ नसते. त्यामुळे त्यांच्या रोजच्या जगण्यात काहीही बिघडत नाही. ती माणसे इतरांसारखीच वाढतात, दुकान सांभाळतात, त्यांना मुलेबाळे होतात, आणि अनेकांना आपल्यात काही वेगळे आहे हे आयुष्यभर कळतही नाही. मात्र ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल पडावेत म्हणून दिले जाणारे एक औषध, जे एरवी पाच-दहा मिनिटांत उतरते, ते यांच्या शरीरात तीन-चार तासांपासून आठ तासांपर्यंत टिकून राहते, आणि तेवढा वेळ त्यांना स्वतःहून श्वास घेता येत नाही. हे आधी ठाऊक असले तर भूलतज्ज्ञ दुसरे औषध वापरतो आणि विषय तिथेच मिटतो.

ते औषध म्हणजे सक्सिनिलकोलिन. थिएटरमध्ये त्याला सगळे स्कोलिन म्हणतात. पूर्ण भूल देताना रुग्णाला नुसते झोपवून भागत नाही. श्वासनलिकेत नळी घालायची तर जबडा आणि घसा पूर्ण सैल व्हावा लागतो. स्कोलिन शिरेतून दिले की मिनिटभरात पापण्या, चेहरा, खांदे आणि मग पोटऱ्यांपर्यंत स्नायूंची बारीक फडफड दिसते, ती थांबली की सारे अंग सैल पडते आणि नळी सहज जाते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे औषध वापरात आले आणि त्याला पर्याय निघाल्यानंतरही ते टिकून राहिले, कारण इतक्या झटपट लागू होणारी आणि झटपट उतरणारी औषधे फार थोडी आहेत. रात्री-बेरात्री पोटभर जेवलेल्या बाईचे तातडीने सिझेरियन करायचे असते, अपघातातला रुग्ण येतो, आतड्याला पीळ पडलेला असतो, अशा वेळी पोटातले अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो आणि एकेक सेकंद मोलाचा असतो. स्कोलिन स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही फ्रीजमध्ये ठेवलेले सापडते. मनोरुग्णांना विद्युत उपचार देतानाही तेच वापरतात. त्यामुळे ते औषधच बंद करा, असे म्हणण्यात अर्थ नाही.

ते इतक्या लवकर का उतरते, हे समजून घेतले की पुढचे सारे आपोआप उलगडते. यकृतात तयार होऊन रक्तद्रवात फिरणारे ब्युटिरिलकोलिनेस्टरेज नावाचे एक एन्झाइम आहे. डॉक्टर मंडळी अजून त्याला स्यूडोकोलिनेस्टरेज या जुन्या नावानेही ओळखतात. स्कोलिन शिरेत शिरले की हे एन्झाइम त्याला फोडायला लागते, आणि दिलेल्या औषधाचा फार मोठा भाग स्नायूंपर्यंत पोहोचण्याआधीच नष्ट होतो. जेमतेम दहावा हिस्सा आपले काम करतो. आमचे डोस हा नाश गृहीत धरूनच ठरलेले आहेत. आता ज्याच्या रक्तात हे एन्झाइमच नाही, त्याला नेहमीचा डोस दिला तरी तो प्रत्यक्षात कित्येक पट ठरतो, आणि एकदा स्नायूंवर बसलेले औषध तिथून सुटून रक्तात परत आले तरी त्याला फोडणारे तिथे कोणी नसते. ते हळूहळू, मुख्यतः लघवीवाटे, निघून जाण्याची वाट पाहावी लागते. स्नायू सैल करणाऱ्या इतर औषधांचा परिणाम उतरवायला आम्ही निओस्टिग्मिन नावाचे इंजेक्शन देतो. इथे त्याचा भरवसा धरता येत नाही, उलट कधी कधी गोष्ट आणखी लांबते. नळी जागेवर ठेवून श्वास देत राहणे, रुग्णाला झोपेतच ठेवणे आणि धीर धरणे, हाच खरा उपचार आहे. रुग्णाला झोपेत ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण स्कोलिन शुद्ध घालवत नाही. भूल उतरली आणि स्नायू मात्र अजून लुळे, अशा अवस्थेत माणूस सगळे ऐकतो, सगळे जाणतो, आणि बोट हलवून ते सांगू शकत नाही. तो अनुभव माणसाच्या मनावर वर्षानुवर्षे राहतो.

या गोष्टीचा शोध नवा नाही. औषध वापरात आल्यानंतर लवकरच काही रुग्ण तासन् तास श्वास घेत नाहीत हे जगभर दिसू लागले, आणि १९५७ साली टोरोंटोच्या वेर्नर कॅलो यांनी त्यामागचा आनुवंशिक फरक ओळखण्यासाठी डायब्युकेन हे औषध वापरून एक चाचणी तयार केली. डायब्युकेनमुळे या एन्झाइमचे काम शेकडा किती अडते, तो डायब्युकेन आकडा. नेहमीच्या माणसाचा तो ऐंशीच्या आसपास येतो, एका पालकाकडून बदल आलेल्याचा साठच्या आसपास आणि दोन्ही पालकांकडून आलेल्याचा वीसच्या आसपास. युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये मुख्यत्वे हा प्रकार आढळतो आणि अडीच-तीन हजारांत एखाद्याला तो दोन्ही बाजूंनी आलेला असतो. आपल्याकडचा प्रकार निराळा आहे. त्यात एन्झाइमचे काम नुसते मंदावलेले नसते, ते जवळजवळ कामच करत नाही, म्हणून शास्त्रज्ञ त्याला मूक प्रकार म्हणतात. पश्चिम अलास्कातील एस्किमो लोकांमध्येही असा मूक प्रकार १९६० च्या दशकात नोंदवला गेला, आणि इराणमधून आलेल्या ज्यू समाजात कॅलो यांनी ओळखलेला प्रकार बराच आढळतो. पिढ्यान् पिढ्या आपापसांत विवाह करणाऱ्या समाजांमध्ये, मग तो जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला असो, अशा एखाद्या जुन्या बदलाचे प्रमाण वाढलेले दिसते.

वैश्य समाजातील हा मूक प्रकार १९७९ साली आंध्र प्रदेशातील अभ्यासातून शास्त्रीय नियतकालिकात नोंदला गेला. पुढे २००६ च्या सुमारास कोइम्बतूरच्या भारतियार विद्यापीठातील संशोधकांनी त्यामागचा नेमका बदल शोधून काढला. एन्झाइम हे एक प्रथिन असते आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. पाचशे चौऱ्याहत्तर अमिनो आम्लांच्या या प्रथिनात ३०७ व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन येते, आणि एवढ्या एका फरकाने एन्झाइम निकामी होते. कोइम्बतूरमध्ये तपासलेल्या वैश्य समाजातील व्यक्तींमध्ये ज्यांच्या रक्तात एन्झाइमची क्रिया आढळलीच नाही अशांचे प्रमाण शेकडा चारच्या आसपास निघाले. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइख यांच्या गटांनी दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वैश्य समाजाचे उदाहरण ठळकपणे दिलेले आहे : या समाजात या एन्झाइमचा अभाव इतर गटांच्या सुमारे शंभर पट आढळतो, आणि रुग्ण वैश्य असल्यास स्कोलिन आणि याच एन्झाइमने फुटणारे, स्नायू सैल करणारे मिव्हाक्युरियम ही औषधे टाळावीत हे जाणते भूलतज्ज्ञ मानतात. त्याच अभ्यासात असे दिसले की, ज्यांच्या पूर्वजांची संख्या एके काळी फार थोडी होती आणि त्यांचा तो ठसा आजही जनुकांत ठळक आहे, असे ऐंशीहून अधिक समाज या उपखंडात आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही आलेले आहे. विदर्भातील अनेक समाजांच्या वाट्याला सिकलसेल आला, लोहाणा आणि सिंधी कुटुंबांच्या वाट्याला थॅलेसेमिया आला. त्या मानाने आपल्या वाट्याला आलेली गोष्ट अतिशय सौम्य आहे, आणि ती टाळता येण्याजोगी आहे.

महाराष्ट्रातील आर्य वैश्य कुटुंबे त्याच मोठ्या समाजाची शाखा आहेत. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, सोलापूर, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात अनेक पिढ्यांपासून राहणाऱ्या या घरांमध्ये घरात तेलुगू आणि दुकानात मराठी चालते, गोत्रे तीच आहेत, पेनुगोंड्याच्या वासवी मातेचे कुलदैवत तेच आहे, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत कित्येक घरांत अजून चालते. हा बदल आई आणि वडील अशा दोघांकडून आला तरच त्याचा परिणाम दिसतो. दोघांकडेही त्याची एकेक प्रत असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलाला तो दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता चारात एक असते. यावरून एक व्यवहारातली गोष्ट निघते : कुटुंबात एकाला हा त्रास झाला असेल तर सर्वांत आधी त्याच्या सख्ख्या भावंडांनी तपासणी करून घ्यावी, त्यानंतर मामे-आत्ते भावंडांनी.

एका रात्रीची हकीकत सांगते. छोट्या गावातले नर्सिंग होम होते. रुग्ण आपल्या समाजातील तरुण बाई, पहिलटकरीण. बाळाच्या हृदयाचे ठोके एकदम कमी झाले होते, पाठीत सुई देऊन बधिर करण्याइतका वेळ नव्हता, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागली. स्कोलिन दिले, नळी घातली, काही मिनिटांत बाळ बाहेर आले आणि रडले. टाके झाले. एव्हाना बाईंनी श्वास घ्यायला हवा होता, तो त्या घेत नव्हत्या. मनगटाजवळच्या मज्जातंतूला विजेचा बारीक झटका देणारे एक लहान यंत्र असते. ते लावले की अंगठा हलतो. त्यांचा अंगठा हलला नाही. वीस मिनिटांनी नाही, तासाभरानेही नाही. नर्सिंग होममध्ये व्हेंटिलेटर नव्हता. रुग्णाला झोपेत ठेवून मी आणि सिस्टर आलटून पालटून बॅग दाबत राहिलो. ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब सगळे नीट होते. औषध उतरेपर्यंत वाट पाहणे एवढेच हाती होते. मधल्या वेळेत मी बाहेर येऊन नातेवाइकांना काय झाले आहे ते समजावले, तेव्हा रुग्णाची मावशी सहज म्हणाली, आमच्याकडे भूल लवकर उतरतच नाही, तिच्या मामाला हर्नियाच्या ऑपरेशनला सकाळी नेले होते तर तो दिवे लागणीला जागा झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की भूल जरा जास्त झाली. पहाटेच्या सुमारास बाईंचा अंगठा प्रथम किंचित हलला, मग श्वास सुरू झाला, आणि नळी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा बाळाविषयी विचारले. आई-बाळ दोघेही सुखरूप घरी गेली. पुढे तपासणी केली तेव्हा त्यांच्या रक्तात हे एन्झाइम नगण्य निघाले, आणि त्यांच्या एका भावाच्याही.

मावशींचे ते वाक्य मी तेव्हापासून अनेक घरांत ऐकले आहे. आजोबा ऑपरेशननंतर दिवसभर शुद्धीवर आले नव्हते, काकूंना मशिनवर ठेवावे लागले होते, आत्याला भूल फार चढते. घरातल्या गप्पांमध्ये या गोष्टी सांगितल्या जातात, आणि कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे किंवा देवाच्या मनात होते म्हणून असे झाले, असे म्हणून सोडून दिल्या जातात. माझ्या दृष्टीने ती घरातली सर्वांत मोलाची वैद्यकीय माहिती आहे. ती माहिती रुग्णाच्या केसपेपरवर आली असती तर त्या रात्री मी हातात वेगळी सिरिंज घेतली असती.

इथे माझ्या व्यवसायबंधूंविषयीही बोलले पाहिजे. स्कोलिनमुळे लांबलेल्या श्वासबंदीबद्दल आम्ही सगळे शिकतो, पण रुग्ण आर्य वैश्य आहे का, असा प्रश्न आपल्याकडे फार थोडे जण विचारतात. जातीचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, आणि तो संकोच समजण्यासारखा आहे. आडनावावरून अंदाज बांधणेही चुकीचे ठरते, कारण 'वार' हा प्रत्यय मराठवाडा आणि विदर्भातील अनेक समाजांच्या आडनावांत असतो. म्हणून डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता रुग्णाने किंवा नातेवाइकाने स्वतःहून सांगितले, तर तो संकोच राहतच नाही. आणि जिथे रुग्णाला असा त्रास झाला आहे, तिथे तो डिस्चार्ज कार्डावर औषधाच्या नावासह लिहून देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. तुम्ही ते आग्रहाने मागून घ्या. "भूल लांबली" एवढी नोंद पुरेशी नाही. कोणते औषध, किती वेळ श्वास द्यावा लागला, आणि पुढे कोणती तपासणी करावी, हे लिहिलेले असले पाहिजे.

तपासणी अवघड नाही, महाग तर मुळीच नाही. रक्तातील कोलिनेस्टरेजची पातळी मोजण्याची सोय मराठवाड्यातील आणि विदर्भातील बऱ्याच प्रयोगशाळांत आहे, कारण कीटकनाशकाच्या विषबाधेत तीच तपासणी लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा होऊन अनेकांचे प्राण गेले, तेव्हापासून या तपासणीचे नाव सामान्य लोकांच्याही कानावर आले आहे. युरोपातल्या प्रकारासाठी डायब्युकेन आकडा काढावा लागतो. आपल्या मूक प्रकारात एन्झाइमची पातळीच शून्याजवळ येते, त्यामुळे साधी मोजणी बहुतेक वेळा पुरते. एन्झाइम टिकाऊ आहे, रक्तद्रव वेगळा काढून नमुना दुसऱ्या गावी पाठवला तरी चालतो, म्हणून शिबिरात नमुने गोळा करता येतात. काही गोष्टी मात्र पाळाव्यात. गरोदरपणात ही पातळी सगळ्यांचीच बरीच कमी होते, यकृताच्या आजारात आणि कुपोषणातही होते, तेव्हा अशा वेळी आलेला कमी आकडा प्रकृती पूर्ववत झाल्यावर पुन्हा पडताळून पाहावा. नुकतेच रक्त किंवा प्लाझ्मा चढवलेल्या माणसाच्या रक्तात दात्याचे एन्झाइम फिरत असते, त्यामुळे त्याची तपासणी काही आठवडे थांबून करावी.

विषबाधेचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सावधगिरी सुचवते, कारण आपल्या समाजातील पुष्कळ घरांची कृषी सेवा केंद्रे आहेत. दुकानात काम करणाऱ्या एखाद्याला उलट्या झाल्या, चक्कर आली आणि रुग्णालयात कोलिनेस्टरेज जवळपास शून्य निघाले, तर डॉक्टरांना ती कीटकनाशकाची विषबाधा वाटणे अगदी साहजिक आहे. ती जन्मजात कमतरताही असू शकते. घरात अशी नोंद असेल तर ती तिथेही दाखवावी, म्हणजे लक्षणे आणि आकडा यांचा मेळ घालून डॉक्टर योग्य निर्णय घेतील. उलट, ज्याला खरोखरच विषबाधा झाली आहे अशा कोणत्याही समाजाच्या रुग्णाचे हे एन्झाइम तात्पुरते नष्ट झालेले असते, आणि त्यालाही स्कोलिन दिले तर हाच त्रास होतो.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्या मुद्द्याकडे येते. अशी तपासणी सुरू झाली की तिचा निकाल वधू-वर मेळाव्यात पोहोचणार, ही भीती अनेक पालक माझ्यापाशी बोलून दाखवतात. माझे म्हणणे अगदी स्पष्ट आहे : या निकालाचा विवाहाशी काहीही संबंध नाही. सिकलसेल किंवा थॅलेसेमियामध्ये दोन वाहकांच्या लग्नातून गंभीर आजाराचे मूल जन्माला येऊ शकते, म्हणून तिथे लग्नाआधी समुपदेशन करणे योग्य आहे. इथे आजार असा नाहीच. दोन्ही बाजूंनी हा बदल आलेले मूल निरोगी असते आणि निरोगी राहते. त्याला आयुष्यात दोन औषधे टाळायची असतात, एवढाच फरक. एखाद्याला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे म्हणून आपण स्थळ नाकारत नाही. त्यामुळे परिचय पुस्तिकेत, बायोडेटात किंवा पत्रिका जुळवताना या तपासणीचा उल्लेख होऊ नये, निकाल ज्याचा त्याच्या हाती बंद पाकिटात द्यावा, आणि मंडळाने त्याची नावनिशीवार यादी जाहीर करू नये, असा ठराव तपासणीच्या आधी करून घ्यावा. मुलींच्या बाबतीत हे पथ्य विशेष कसोशीने पाळावे लागेल. आजवर जिथे जिथे अशा तपासण्या झाल्या तिथे दोष शोधला गेला तो सुनेत, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे.

ज्यांच्याकडे कमतरता आढळेल त्यांना ऑपरेशनची भीती वाटण्याचे कारण नाही, आणि या कारणाने ऑपरेशन पुढे ढकलणे तर मुळीच योग्य नाही. बहुतेक सिझेरियन पाठीतल्या सुईने होतात, तिथे स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची गरजच नसते, आणि त्यासाठी नेहमी वापरतात ते ब्युपिव्हाकेन या एन्झाइमवर अवलंबून नाही. दाताच्या डॉक्टरांकडे वापरले जाणारे लिग्नोकेनही अवलंबून नाही. प्रोकेन आणि क्लोरोप्रोकेन ही बधिर करणारी औषधे मात्र याच एन्झाइमने फुटतात, त्यामुळे ती वापरण्याआधी डॉक्टरांना कल्पना द्यावी. पूर्ण भूल लागलीच तर अॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम ही औषधे यांच्या शरीरातून नेहमीच्याच मार्गाने जातात. स्कोलिनच्या घाईच्या कामासाठी रोक्युरोनियम मोठ्या डोसमध्ये दिले तर तेही मिनिटभरात लागू होते, आणि सुगामाडेक्स नावाचे औषध त्याचा परिणाम झटकन उतरवते. सुगामाडेक्स महाग आहे आणि प्रत्येक गावात मिळत नाही, पण ते नसले तरी रोक्युरोनियम किती वेळ टिकेल याचा अंदाज भूलतज्ज्ञाला असतो. अचानक गाठणाऱ्या अनिश्चिततेपेक्षा ते केव्हाही बरे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. वैशाख शुद्ध दशमीला वासवी जयंतीच्या निमित्ताने अनेक ठिकाणी मंडळे रक्तदान शिबिरे आणि आरोग्य तपासण्या घेतात. त्यात या एका तपासणीची भर घालावी. सगळ्यांची तपासणी एकदम शक्य नसेल तर ज्या घरांत "भूल उतरली नव्हती" अशी आठवण सांगितली जाते त्या घरांपासून सुरुवात करावी. ती घरे शोधून काढायला महिला मंडळांइतके दुसरे कोणी उपयोगी पडणार नाही, कारण अशा आठवणी बायकांकडेच असतात. ज्यांच्यात कमतरता आढळेल त्यांना आधार कार्डाएवढे एक कार्ड द्यावे, ते पाकिटात नेहमी राहील, आणि त्याची प्रत मोबाईलमध्ये ठेवायला सांगावे. कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत एवढा मजकूर पुरे : "या व्यक्तीच्या रक्तात स्यूडोकोलिनेस्टरेज जन्मतः नाही. सक्सिनिलकोलिन (स्कोलिन) व मिव्हाक्युरियम देऊ नये. सख्ख्या भावंडांची तपासणी व्हावी." खाली तपासणीची तारीख, आलेला आकडा आणि डॉक्टरांची सही. हैदराबादला शिकायला गेलेली, पुण्या-मुंबईला किंवा परदेशी नोकरीला असलेली मुले तर हे कार्ड आवर्जून जवळ ठेवोत, कारण तिथल्या डॉक्टरांना घरची ही जुनी आठवण सांगायला मावशी जवळ असणार नाही.

आणि ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनीही ऑपरेशनआधीच्या भेटीत, फिटनेस बघायला भूलतज्ज्ञ येतात तेव्हा, स्वतःहून सांगावे की आम्ही आर्य वैश्य आहोत आणि आमच्या समाजात स्कोलिनचा त्रास आढळतो. हे ऐकून एखादा तरुण डॉक्टर चकित झाला तर त्याला हे पत्र दाखवावे.

शिबिरासाठी लागणारी माहिती, प्रयोगशाळांशी बोलणे, नमुने कसे पाठवायचे हे ठरवणे आणि कार्डांवर तपासून सही करणे, हे सारे माझ्या जिल्ह्यात मी करायला तयार आहे, आणि त्यासाठी कोणतेही मानधन घेणार नाही. इतर जिल्ह्यांतील माझे भूलतज्ज्ञ सहकारीही या कामी पुढे येतील याची मला खात्री वाटते. त्यांना मंडळाकडून निमंत्रण गेले पाहिजे. येत्या वासवी जयंतीच्या तयारीची बैठक आपण बोलवाल तेव्हा हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि काय ठरले ते मला कळवावे.

आपली नम्र,
मराठवाड्यातील एक भूलतज्ज्ञ